वाळूत बसणारे सर

कार्डिफमधली ती खोली बघायला मी गेले तेव्हा बेल वाजवून वाजवून बोट दुखलं तरी दार उघडेना. म्हणून बाजूच्या बोळातून मागच्या बागेत डोकावले. तिथे सत्तरीचे एक गृहस्थ पूर्वेकडे तोंड करून उभे होते. स्वेटर आणि शर्ट दोन्ही हातांनी वर धरलेला, आणि उघड्या पोटावर ऊन घेणं चाललेलं. फेब्रुवारी महिना होता. माझ्या अंगात दोन जॅकेटं. मी गुपचूप मागे फिरणार तेवढ्यात ते मान न वळवता मराठीत म्हणाले, "फोन तुम्हीच केला होता ना? थांबा पाच मिनिटं. हे ऊन वेल्समध्ये पुन्हा कधी येईल सांगता येत नाही."

खोली मी घेतली. दुसरी परवडेल अशी मिळत नव्हती हे खरं कारण. मराठी माणसाचं घर, स्वयंपाकाची मोकळीक, हॉस्पिटल चालत दहा मिनिटांवर, ही आईला फोनवर सांगायची कारणं. मी फिजिओथेरपिस्ट, कोल्हापूरहून नुकतीच आलेली. ते निवृत्त भूलतज्ज्ञ, मूळचे अमरावतीचे, चाळीस वर्षं कार्डिफमध्ये काढलेले. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती आणि एकुलती एक मुलगी लंडनजवळ वॉटफर्डला असायची. पहिल्या दिवशी मी त्यांना 'काका' म्हटलं तर म्हणाले, "सर म्हण. सवय आहे." या देशात कन्सल्टंटलासुद्धा सगळे नावाने हाक मारतात हे मला पुढे कळलं, पण तोवर जीभ वळली होती.

पोट उघडं टाकून उभं राहण्याचा उलगडा दुसऱ्या आठवड्यात झाला. सर दरवर्षी तीन महिने आफ्रिकेत कालाहारीच्या वाळवंटात जात. तिथे मीरकॅटांवर संशोधन करणाऱ्यांचा एक कॅम्प होता आणि सर त्यात बिनपगारी मदतनीस. मीरकॅट म्हणजे आपल्या मुंगसाचा भाऊबंद. पंधरा-वीस जणांच्या टोळीने बिळात राहतो, दिवसभर वाळू उकरून किडे, अळ्या, विंचू शोधून खातो. सकाळी बिळातून बाहेर आला की आधी मागच्या पायांवर ताठ उभा राहतो आणि पोट उन्हाकडे करतो. पोटावर केस विरळ, खाली कातडी काळी, त्यामुळे अंग लवकर तापतं. तापल्याशिवाय कामाला लागायचं नाही, असा त्यांचा नियम, आणि म्हणून सरांचाही. "इथं लोक थंड पोटानं ऑफिसला जातात अन् दिवसभर किरकिर करतात," असं त्यांचं निदान होतं.

मग काय, सकाळी ऊन पडलं की माझ्या दारावर टकटक. "ऊन आलं." बस, एवढंच. मी तोंडात ब्रश घेऊन बागेत. शर्ट वर करायला मी साफ नकार दिला, त्यावर त्यांनी आग्रह केला नाही, पण उभं राहण्यातून सुटका नव्हती. पलीकडची वेल्श आजी कुंपणावरून "मॉर्निंग, डॉक्टर" म्हणून हात हलवायची. तिला त्यात वावगं काही वाटत नसे. मला मात्र पहिले दोन महिने जमिनीने पोटात घ्यावं असं वाटायचं.

"मीरकॅटच का, सर?" असं मी एकदा पोहे करता करता विचारलं. "आफ्रिकेत जाऊन लोक सिंह बघतात, हत्ती बघतात."

सरांनी कांदा चिरायचा थांबवला. "नोकरीत असताना पहिल्यांदा सुट्टीवर गेलो होतो. टोळी उकरत होती. सगळ्यांची डोकी वाळूत, नुसती ढुंगणं वर. अन् एक जण वाळल्या झाडाच्या शेंड्यावर उभा, आभाळाकडे पाहून राहिला. तोंडानं बारीक आवाज चालू. पीप, पीप, पीप. तो आवाज चालू आहे तोवर खालचे निवांत. थांबला की सगळे ताठ. मी तिथंच बसलो. थिएटरमध्ये सर्जनचं डोकं खाली, नर्सचं डोकं खाली, पेशंट झोपलेला. वर बघणारा मी एकटा, अन् मॉनिटर पीप पीप करून राहिला. हा तर आपल्याच धंद्यातला निघाला."

मला भरून आलं. मी म्हटलं, "किती मोठा त्याग ना सर, स्वतः उपाशी राहून."

"त्याग-बिग काही नाही," ते एकदम खेकसले. "ज्याचं पोट भरलंय तो वर चढतो. भूक लागली की उतरतो, मग दुसरा चढतो. ससाणा आला तर सगळ्यात आधी तोच बिळात पळतो. तरी पहारा होतो की नाही? झालं तर मग. उगाच डोळे पुसू नकोस, पोहे करपतील."

अमरावतीचं ते 'पाहून राहिला' चाळीस वर्षांत गेलं नव्हतं. गोड बोलणं मात्र कधी आलंच नव्हतं. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एकदा कुणाला तरी वाटलं, सरांनी मुलांना मीरकॅटच्या गोष्टी सांगाव्यात. भाड्याच्या हॉलमध्ये चाळीसेक मुलं मांडी घालून बसलेली, आया मागे मोदकांच्या ताटांपाशी. सरांनी सुरुवात छान केली. टोळीत एक राणी असते, पिल्लं तिचीच, आणि मावश्या, काका, मोठी भावंडं ती पिल्लं सांभाळतात. एक जण दिवसभर उपाशी राहून बिळाशी थांबतो. आया कौतुकाने माना डोलवत होत्या. मग सर म्हणाले, "राणीच्या मुलीला पिल्लं झाली, तर राणी पुष्कळदा ती मारून टाकते. म्हणजे आजी नातवंडांना मारते. अन् मुलीला टोळीबाहेर हाकलते. थोड्या दिवसांनी मुलगी परत येते."

एका छोटीने भोकाड पसरलं. मंडळाच्या सेक्रेटरीबाई धावत आल्या. "अहो सर, लहान मुलं आहेत ही."

"मग त्यांना खोटं का सांगू?"

पहिल्या रांगेतला एक मुलगा हात वर करून बसला होता. त्याने तोडक्या मराठीत विचारलं, "मग ती मुलगी परत का येते? व्हाय डझंट शी जस्ट लिव्ह?"

सरांचा चेहरा असा खुलला की मी त्यांना तसं फारसं पाहिलं नव्हतं. "हा प्रश्न," ते म्हणाले. "कारण एकट्यानं उकरायचं, की वर बघायचं? दोन्ही होत नाही. उकरलं तर ससाणा उचलतो. बघत बसलं तर उपाशी मरतं." मंडळाने त्यांना पुन्हा बोलवलं नाही. सरांना त्याचं काहीच वाटलं नाही.

माझ्यावर मात्र त्यांचे उपकार आहेत, आणि तेही विंचवांच्या मार्गाने. माझी बदली घरी जाऊन पेशंट बघायच्या टीममध्ये होणार होती, त्याला गाडी चालवता यायला हवी, आणि मी ड्रायव्हिंग टेस्टमध्ये दोनदा नापास झाले होते. दोन्ही वेळा राउंडअबाउटवर, म्हणजे चौकातल्या गोलापाशी, मी गाडी बंद पाडली. आता तिसऱ्यांदा नापास झाले तर बदली गेली. मी जेवत नव्हते, कुणाशी बोलत नव्हते. सर म्हणाले, "पिल्लाला विंचू खायला कसा शिकवतात माहीत आहे? आधी मेलेला देतात. मग नांगी तोडून जिवंत देतात. मग अख्खा. एकदम अख्खा विंचू कुणी देत नाही. तुझ्या इन्स्ट्रक्टरनं तोच दिला."

माझा मेलेला विंचू म्हणजे सरांची दारात उभी गाडी. इंजिन बंद. आठवडाभर रोज अर्धा तास मी त्यात बसून गिअर, क्लच, आरसे करत होते आणि सर शेजारी बसून तोंडाने समोरची वाहतूक सांगत होते. "उजवीकडून बस. पुढे बाई, हातात प्रॅम." नांगी तोडलेला विंचू म्हणजे रविवारी सकाळी सुपरमार्केटचं रिकामं पार्किंग. तिथे सरांनी घरातल्या चार खुर्च्या मांडून राउंडअबाउट केला आणि मी त्याला निदान दोनशे प्रदक्षिणा घातल्या. सिक्युरिटीवाला विचारायला आला तर सर त्याला म्हणाले, "वी आर ऑन द सेकंड स्कॉर्पियन." तो बिचारा परत गेला. तिसऱ्या टेस्टला मी पास झाले. सरांनी अभिनंदन केलं नाही. "आता खुर्च्या जागेवर ठेव," म्हणाले.

त्याच वर्षी डिसेंबरात सर जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाडात रॉड बसला. भूल उतरल्यावर पहिलं वाक्य काय, तर "एप्रिलपर्यंत होईल का?" एप्रिलमध्ये त्यांना कालाहारीला निघायचं होतं. अकरा वर्षांपासून ते एकाच टोळीबरोबर बसत. तिची आताची राणी ही त्यांनी पाहिलेल्या पहिल्या राणीची पणती. ती थकत चालली होती, आणि ती आहे तोवर त्यांना जायचंच होतं. पण कॅम्पने साफ कळवलं होतं: वाळूत दोन-तीन तास चालता यायला हवं, जमिनीवर बसता यायला हवं, आणि कशाचाही आधार न घेता उठता यायला हवं. तिथे टेकायला भिंत नसते, आणि ज्या झुडपाला हात घालावा त्याच्या मुळाशी साप असू शकतो.

वॉटफर्डहून ताई, म्हणजे त्यांची मुलगी, आली ती संतापलेलीच. ती सॉलिसिटर, जन्म इथलाच. "बाबा, इनफ. तू आता माझ्याकडे येऊन राहायचं. मी रोज फोन वाजला की घाबरते. आई गेली, आता तू वाळूत पडून मरणार, आणि मला ईमेल येणार?" मग माझ्याकडे वळून, "तू फिजिओ आहेस ना? सांग ना त्याला. माझा नाही ऐकत तो."

सर भिंतीकडे बघत म्हणाले, "मला उठता आलं तर?"

"हात न लावता? जमिनीवरून?" ताई म्हणाली. "उठून दाखव. मग जा. मी काही नाही बोलणार. पण ही सांगेल खरं काय ते." म्हणजे पंच मी. मला कुणी विचारलंच नाही.

इथे एक गंमत सांगायला हवी. सरांना वाटत होतं, आपण मराठी माणूस, पंक्तीत जेवलेले, पाटावर बसलेले. मांडी घालून बसणं-उठणं आपल्या हाडातच आहे. माझ्या बहुतेक सगळ्या देशी पेशंटांचा हाच समज असतो. वेल्समध्ये चाळीस वर्षं खुर्चीत जेवले, खुर्चीत पूजा केली, आणि मांडी कधी विसरली ते कळलंही नाही. पडायच्या आधीसुद्धा सर उठताना कशाचा तरी आधार घेत होते, फक्त ते त्यांच्या लक्षात येत नव्हतं. मी हे सांगितलं तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मार्चच्या शेवटी ताई परीक्षा घ्यायला आली. बैठकीच्या खोलीतलं कार्पेट. सर बसले, बरे बसले. मग एक गुडघा टेकला, दात आवळले, आणि उठले. ताई नेमकी फोन खिशात ठेवत होती. मी बघत होते. उठताना त्यांचा डावा हात सोफ्याच्या कडेला टेकला होता, क्षणभरच, पण वजन घेतलं होतं. खोटं बोलायची माझी तयारी झाली होती, हे मी आज कबूल करते. मी तोंड उघडणार एवढ्यात सर म्हणाले, "हात लागला. नापास."

ताई म्हणाली, "मला तर दिसला नाही, बाबा."

"तिला दिसला. मलाही समजला. आम्ही रोज सकाळी मीरकॅटांचं वजन करतो. तराजूवर चढलेल्याची शेपूट जमिनीला लागलेली असेल तर ते वजन लिहायचं नाही, पुन्हा करायचं. या वर्षी नाही जात. पुढल्या वर्षी." आणि ते आत जाऊन चहा टाकायला लागले. ताई सोफ्यावर बसून रडली. जिंकली होती ती, आणि रडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांच्या दारावर टकटक केली. ऊन नव्हतं. म्हटलं, "सर, कॅम्पनं अख्खा विंचू दिलाय. आपण मेलेल्यापासून सुरुवात करू." मेलेला विंचू म्हणजे खुर्चीवर दोन उशा, त्यावरून हात छातीशी बांधून उठायचं. दिवसाला तीस वेळा. मग उशा काढल्या. मग बुटकं स्टूल. ऑगस्टपर्यंत आम्ही देव्हाऱ्यापुढच्या पाटावर आलो. पाट म्हणजे जमिनीपासून तीन बोटं, पण त्या तीन बोटांनी आमच्या नाकी नऊ आणले. ते पडायचे, मी उचलायला पुढे झाले की ओरडायचे, "हात लावू नकोस, वजन बिघडतं." एकदा चिडून पाट बागेत भिरकावला. मग स्वतःच काठी टेकत जाऊन आणला, पुसला, आणि पुन्हा बसले. मी खूप पेशंट पाहिलेत. पहिल्या महिन्यातला उत्साह सगळ्यांकडे असतो. सातव्या महिन्यातला फार थोड्यांकडे. नोव्हेंबरात पाट गेला आणि जमीन आली.

फेब्रुवारीत ताईला पुन्हा बोलावलं. या वेळी सर म्हणाले, कार्पेटवर नाही, वाळूत. कार्डिफपासून तासाभरावर समुद्राकाठी वाळूच्या मोठमोठ्या टेकड्या आहेत. मी गाडी चालवली. वारा असा की कानात वाळू. सर टेकडीवर चढले, मांडी घालून बसले, आणि तासभर हलले नाहीत. एक कुत्रं येऊन त्यांना हुंगून गेलं, त्याच्या मालकाने माफी मागितली. ताई माझ्या शेजारी थंडीने कुडकुडत उभी होती. ती हळूच म्हणाली, "लहानपणी मला वाटायचं, हा घरी असतो पण इथे नसतो. आता वाटते, तो सगळीकडे असाच बसतो."

तास झाला. सरांनी गुडघा टेकला आणि वाळू खालून सरकली. ते कुशीवर पडले. ताई धावली, मी तिचा दंड धरला. माझ्या हातावर तिच्या नखांचे वण उठले. सर तसेच पडून राहिले, श्वास घेतला, परत मांडी घातली. मग पायाने वाळू दाबून दाबून जागा घट्ट केली, हात छातीशी बांधले, गुडघा टेकला, आणि उठले. पाय थरथरत होते, पण हात छातीशीच होते. मी म्हटलं, "पास."

ताईने त्यांच्या स्वेटरवरची वाळू झटकली. "जा तू," ती म्हणाली. "पण पहिले दहा दिवस मी येते. एकटा उकरशील की वर बघशील?" गणपतीतल्या त्या भाषणाची गोष्ट मीच तिला सांगितली होती. सरांनी होकारार्थी मान हलवली.

ते गेले त्याला चार दिवस झाले असतील. रविवारची दुपार, मी युनिफॉर्मना इस्त्री करत होते आणि ताईचा फोन आला. "ती टोळी नाहीये. दे आर गॉन. आम्ही विमानात होतो तेव्हाच राणीला साप चावला. बाकीचे कुठे कुठे पळून गेले. कुणालाच सापडत नाही. चौदा महिने त्याने... तू बघितलं ना, त्याने काय काय केलं." मी इस्त्री उभी ठेवली आणि खाली बसले. मला त्या देवाचा, त्या सापाचा, सगळ्यांचाच राग आला. म्हटलं, "सरांना दे."

सर फोनवर आले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "कॅम्पवाले दुसरी टोळी देत होते. माणसाळलेली आहे. मी नको म्हटलं. त्यांच्याजवळ बसायला माणसं आहेत. इकडे कोरड्या नदीच्या पलीकडे एक नवी टोळी आली आहे. माणूस कधी पाहिलाच नाही त्यांनी. तिच्यासाठी कुणाला वेळ नाही, माणसाची सवय होईपर्यंत नुसतं बसायचं काम आहे. ते मी घेतलं. आज सकाळपासून बसून राहिलो."

"किती लांबून, सर?"

"दीडशे पावलं. त्याच्या आत गेलो की सगळे बिळात."

"आणि जवळ यायला किती दिवस लागतात?"

"दिवस कुठले. मागच्या टोळीला दोन वर्षं लागली, तेव्हा मी साठीचा होतो. आता तीन धर, दर वर्षी यायचं." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, खुर्च्या जागेवर ठेव म्हणणारा. "तेवढा खुबा टिकायला पाहिजे. तू तीन वर्षांचं काय ते लिहून पाठव. आजच पाठव, इथलं नेट कधी जाईल नेम नाही."

सर तेव्हा बाहत्तर वर्षांचे होते. त्या वयाच्या पेशंटला आम्ही सहा आठवड्यांचा प्रोग्रॅम देतो, मग पुन्हा बघू म्हणतो. मी इस्त्रीचं बटण बंद केलं, युनिफॉर्म बाजूला सारले, कागद घेतला आणि वर लिहिलं, 'पहिलं वर्ष'.